बाबालालचाचांची घाई

त्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न असे, "पेटी येते का?" डॉक्टरकीचं कोणी विचारत नसे. ती माणसं दुसऱ्या मजल्यावर चाकू-कात्र्या घेऊन बसत. तिसऱ्यावर सगळे सूरवाले. कोणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड बडवलेला, कोणी भजनी मंडळांची रेकॉर्डिंग केलेला, कोणी निवडणुकीच्या उमेदवारांना चालू चालींवर गाणी बसवून दिलेला. हे लोक आता माणसांचे हात दुरुस्त करत होते आणि मिरजेत कोणालाही त्याचं नवल राहिलं नव्हतं. कशाचंही नवल दोन वर्षांत ओसरतं.

कल्पना तशी साधी होती. हात हलतो तो मेंदूच्या हुकुमानं, आणि तो हुकूम एकटी पेशी देत नाही. पेशींचे गट असतात. अंगठ्याचा एक, मनगटाचा एक, दाब किती द्यायचा ते सांगणारा एक, असे शंभरावर. आपली पाळी आली की गट चेततो, ठरल्या वेळेपुरता चेतलेला राहतो आणि विझतो. हे गट एकाखाली एक मांडले आणि वेळ डावीकडून उजवीकडे धरली, तर पडद्यावर लहानमोठ्या आडव्या कांड्या उमटतात. स्टुडिओत काम केलेल्या माणसाला त्या पाहताच ओळख पटते, कारण गाण्यातले सूर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर अगदी असंच दिसतं. कांडी जितकी वर तितका सूर उंच, जितकी लांब तितका तो टिकलेला, आणि जितकी गडद तितका जोरात लागलेला. कांडी माऊसनं धरायची, पुढेमागे सरकवायची, तोकडी करायची, नको असेल तर खोडायची. हाताच्या या नकाशाला शास्त्रज्ञांनी लांबलचक नाव दिलं होतं. तिसऱ्या मजल्यावर त्याला हातपट म्हणत.

हातपट वाचण्यासाठी कवटीच्या आत तांदळाएवढा दाणा बसवावा लागे. दुरुस्त केलेला हातपट मेंदूला परत ऐकवायचं कामही तोच दाणा करी. दहा दिवस ऐकवला की तो पेशींच्या अंगवळणी पडे, लोणचं मुरावं तसा मुरे, आणि मग दाणा बंद करत. दहा दिवसांच्या आत मागे फिरता येई. नंतर नाही, कारण नंतर हातच तसा झालेला असे.

बाबालाल सतारमेकर तिथे आले ते बायकोच्या, जैबूनबींच्या, आग्रहाखातर. वय सहासष्ट. सगळी हयात तंबोरे घडवण्यात गेलेली. तीन वर्षांपासून उजवा हात थरथरत होता आणि कारखान्याचं दार बंद होतं. लाकूडकाम कारागिरांकडून करून घेता येतं, पण जवारी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं किंचित गोलवावा लागतो. केसाइतकं कमीजास्त झालं तरी तार मुकी होते. जमलं तर एकाच तारेतून सुरांचं मोहोळ उठतं. हे घासणं म्हणजे जवारी काढणं. त्याला माप नाही, तो हाताचा हिशेब आहे.

"म्हंजे माझा हात असा टीव्हीवर दिसतोय म्हणा की," पडद्याकडे बघत बाबालालचाचा म्हणाले. त्यांनी दोन तास थरथरत्या हातानं घोडी घासली होती आणि तो हातपट समोर उघडला होता.

"दिसतोय," डॉ. उदय अथणीकर म्हणाले. हा सगळा उद्योग त्यांनीच सुरू केलेला. "या लांब कांड्या तुमच्या कामाच्या. आणि ही मधली बारीक मोहरी पसरलीय ना, ती थरथर. सेकंदाला पाच, अगदी तालात. ती केतकी वेचून काढणार."

"हातानं?"

"एकेक करून, चाचा," केतकी भोकरे म्हणाली. ती सांगलीची. इथे येण्याआधी नऊ वर्षं तिनं जाहिरातींच्या गाण्यांमधले बेसूर सूर साफ केले होते. "दोन्ही एकाच ओळीत मिसळलेत, म्हणून सरसकट खोडता येत नाहीत. कामाची एखादी कांडी चुकून गेली तर अंगठाच रुसायचा."

जैबूनबी पदराशी चाळा करत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "डाक्टर, माणूस त्योच राहील न्हवं?"

"फक्त हात, चाची. बाकी कशाला धक्का लागत नाही," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना तेव्हा एवढंच माहीत होतं.

केतकीला आठ दिवस लागले. मोहरी वेचून झाल्यावर चाचांच्या कामाच्या कांड्या स्वच्छ उरल्या, पण त्या पाहून तिच्या डोळ्याला खुपायला लागलं. हातपटावर उभ्या रेघांची एक चौकट असते. या रेघा घड्याळाच्या नसतात, सॉफ्टवेअर त्या हातातूनच शोधून काढतं. हजारो हालचालींच्या बुडाशी जो एक ठेका सापडतो, त्याच्या त्या रेघा. चाचांची एकही कांडी रेघेवर नव्हती. सगळ्याच केसभर आधी हजर. गाडी सुटेल या भीतीनं तासभर आधी स्टेशनावर जाऊन बसणारी माणसं असतात, तशातली ती तऱ्हा.

तिसऱ्या मजल्याचा नियम स्पष्ट होता. थरथर काढायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. केतकीला तो पाठ होता. पण नऊ वर्षं तिनं प्रत्येक गाणं हातावेगळं करताना शेवटी एकच गोष्ट केली होती: सगळं निवडायचं आणि चौकटीला चिकटवायचं. स्टुडिओत याला क्वांटाइज म्हणतात. पुढेमागे झालेला प्रत्येक सूर जवळच्या रेघेवर टक्कन बसतो आणि गाणं इस्त्री केल्यासारखं होतं. घराबाहेर पडताना गॅस बंद करावा तशी तिची बोटं ती दोन बटणं दाबत, आणि त्या संध्याकाळी त्यांनी ती दाबली. फाईल पुढे गेली. दाणा वाजू लागला.

सातव्या दिवशी सकाळी चाचांचा फोन आला. दोघांनी कारखान्यात यावं, लगेच.

कारखाना खाली, घर वर. भोपळ्यांच्या उतरंडीमधून वाट काढत डॉक्टर आणि केतकी आत गेले. जैबूनबी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. चाचांच्या मांडीवर तंबोरा होता आणि त्यांचा उजवा हात घोडीपाशी इतका शांत होता की केतकीला आपलंच कौतुक वाटलं. इतका पूर्ण थांबलेला हात त्या मजल्यावरून आजवर एकही गेला नव्हता.

चाचांनी तार छेडली. क्षणभर नुसताच सूर, कोरा आणि गोल. आता विझणार असं वाटलं तेवढ्यात त्याच्या पोटातून दुसरा सूर उगवला, त्यातून तिसरा, आणि मग सगळी खोली आतून उजळत गेली. तार मघाशीच थांबली होती, तरी आवाज वाढत होता. केतकीनं जन्मभर सुरांचं काम केलं होतं, पण असा सूर तिनं ऐकला नव्हता.

चाचांनी भिंतीवरचा जुना तंबोरा काढला, जुळवला, छेडला. तोच सूर. तोच क्षणभराचा थांबा, तसंच उगवणं.

"ही आब्बांची जवारी," चाचा म्हणाले. "कासीमसाहेबांची. बावीस वर्सं झाली त्यांना जाऊन. ते घासायचे तसं मी चाळीस वर्सं घासून बघितलं. माझी तार छेडली की लगी बोलती, वाट बघत न्हाई. लोकांना तीबी आवडायची. पण आब्बा म्हणायचे, बाबालाल, तुझा हात घाईचा. तारेला जागं हुयाला जरा वेळ दे. न्हाई जमलं मला. आन् आज दोन तासांत झालं." ते आपल्या हाताकडे बघत होते. "डाक्टर, तुम्ही काय घातलंत माझ्यात?"

ते रडत होते, पण हात हलत नव्हता. केसभर आधी हजर होणाऱ्या त्या कांड्या केतकीला आठवल्या आणि आपण काय केलं ते तिला कळलं.

इस्पितळात परतल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर चिडतील अशी तयारी ठेवली होती. ते चिडले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी हातपट पुन्हा पहिल्या कांडीपासून उघडला.

"त्यांना कसं शिकवलं असेल ठाऊक आहे?" ते म्हणाले. "चाचा नऊ वर्षांचे असताना बापानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. कानस पोराच्या मुठीत, पोराची मूठ बापाच्या मुठीत. दोन वर्षं असं घासलं म्हणाले होते ना? त्या हाताचा ठेका पोराच्या पेशींत बुडाशी बसला. त्यावर आयुष्यभर चाचांची स्वतःची घाई चढत गेली. आपण समजत होतो, चौकट म्हणजे त्यांच्या हाताची सरासरी. ती सरासरी नव्हती, केतकी. तो कासीमसाहेबांचा हात होता. तू वरचा मुलगा खरवडून काढलास आणि खाली बाप निघाला."

केतकीनं माऊस हातात घेतला.

"आता आणखी एकदा चिकटव," डॉक्टर म्हणाले. "दाण्यात नको, नुसतं पडद्यावर."

तिनं सॉफ्टवेअरला उरलेल्या हातपटातून पुन्हा चौकट शोधायला लावली. वेगळ्या रेघा आल्या. कासीमसाहेबांच्या कांड्या या रेघांच्या जराशा मागे होत्या. तारेला वेळ द्यायची ती त्यांची स्वतःची सवय. तिनं त्या चिकटवल्या आणि तिसराच हात समोर आला, कासीमसाहेबांना ज्यानं शिकवलं त्याचा, दाब जास्त देणारा आणि मध्येच थबकणारा. त्याच्याही खाली चौकट होती. चौथा हात. पाचवा. दोघं चहा विसरले. प्रत्येक पायरीला कांड्या कमी होत होत्या, आणि प्रत्येक पायरीला कोणीतरी माणूस, ज्याचं नाव आता कोणालाच माहीत नाही, आपल्या एखाद्या खोडीसकट पडद्यावर क्षणभर दिसून पुसला जात होता. चौदाव्या पायरीला सात कांड्या उरल्या. पंधराव्यांदा चिकटवल्यावरही त्या सातच राहिल्या, जागच्या हलल्या नाहीत.

"जुने हातपट काढ," डॉक्टर म्हणाले.

तिनं एका सर्जनचा काढला. मग कवठ्याच्या एका बाईंचा, ज्यांचा हात भाकरी थापताना थरथरायचा. मग इचलकरंजीच्या विणकराचा. वरवर पाहता एकमेकांशी काही संबंध नसलेले हात. सर्जनचा नवव्या पायरीला तळाशी पोचला, बाईंचा अकराव्या, विणकराचा बाराव्या. तळाशी प्रत्येक वेळी त्याच सात कांड्या होत्या. धर. दाब. थांब. ओढ. थांब. परत आण. सोड.

"एक पायरी म्हणजे एक पिढी नसेल," डॉक्टर हळू म्हणाले. "वरच्या दोन-तीन तशा असतील. खाली खाली एकेका पायरीत हजारो पिढ्या दबलेल्या असतील. पण शिकवणं कुठेच तुटलेलं नाही. कधीतरी कोणीतरी कोणाचा तरी हात आपल्या हातात धरला आणि दगडावर दगड घासायला शिकवलं. तो हात अजून सगळ्यांच्या हातांत आहे."

केतकीला एक सुचलं ते तिनं केलं. त्या सात कांड्यांना तिनं पेटीचा आवाज दिला आणि बटण दाबलं. साडेतीन सेकंदांचा तुकडा. धड राग नाही, धड चाल नाही. तरी तो ऐकताना तिची उजवी मूठ आपोआप मिटली आणि उघडली. तिनं पाहिलं, तर टेबलापलीकडे डॉक्टरांचीही तशीच मिटून उघडली होती. एवढं मोठं काही आपल्याला पुन्हा दिसणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. केतकीला भीती वाटली, आणि आनंदही इतका झाला की तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"मग माणूस स्वतःचा असा असतो तरी किती?" तिनं विचारलं.

"रेघेवरून जेवढा सरकलेला असेल तेवढा," डॉक्टर म्हणाले.

पण चाचांना सांगणं भाग होतं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट तपासली होती आणि ती बरी नव्हती. नवव्या दिवशी त्यांनी दोघा नवराबायकोंना बोलावून सगळं सांगितलं. केतकीनं हात जोडून माफी मागितली.

"कशाबद्दल माफी?" चाचा म्हणाले. "आब्बा परत आणलेस की गं तू."

"चाचा, ऐका. उद्या दहावा दिवस. आज मागे फिरता येतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या कांड्या केतकी होत्या तिथे परत नेऊ शकते, थरथर न घालता. पण मी गणित करून पाहिलं. कांडी आणि रेघ यांच्यामध्ये जी फट असते, थरथर नेमकी तिथेच रुजते. पेशंट चार महिने बरे राहतात आणि मग दुखणं परत येतं, त्याचं कारण आम्हाला आत्ता कळलं. तुमचा हात पूर्ण थांबला, कारण तुमच्यात फटच उरली नाही. फट ठेवली तर चार महिन्यांत थरथर परत येईल."

"आन् न्हाई ठेवली तर माझं जाणार काय?"

डॉक्टरांनी केतकीकडे पाहिलं. उत्तर तिनं द्यायचं होतं.

"तुमची घाई, चाचा," ती म्हणाली.

बाबालालचाचा मोठ्यानं हसले. "येवढंच? साठ वर्सं त्या घाईपायी शिव्या खाल्ल्या मी. न्या की खुशाल."

डॉक्टरांनी जैबूनबींनाही विचारलं. त्यांनी नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. "तीन वर्सं ह्येंच्या सदऱ्याची गुंडी मी लावत होते," त्या म्हणाल्या. "हात थांबलाय. आनि काय मागू? ऱ्हाऊ द्या."

दहावा दिवस गेला. दाणा बंद झाला. हात तसाच राहिला, शांत आणि पक्का. आठवड्याभरात कारखान्यासमोर गाड्या लागू लागल्या. कासीमसाहेबांची जवारी पुन्हा निघते ही बातमी धारवाडपासून पुण्यापर्यंत पोचली, आणि जुने गवय्ये नुसती तार ऐकायला येऊन डोळे पुसत परत गेले. डॉक्टर आपला निबंध लिहीत होते. केतकीनं ते सात सूर कोणालाच ऐकवले नव्हते.

त्याच आठवड्यातल्या एका दुपारी जैबूनबी वर खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. जेवायची वेळ झाली होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात बाबालाल कधी दार वाजवून घरात आले नव्हते. खालच्या पायरीवर असतानाच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं आणि निम्मं वाक्य संपेपर्यंत ते आत असायचे, हातात जे असेल ते कुठेतरी टाकत. त्यांच्या त्या येण्यानं घर हलायचं. त्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि वर येऊन थांबली. मग बोटाच्या पेरानं चौकटीवर तीन टिचक्या पडल्या. एक. मग जरा थांबून दुसरी. मग तिसरी.

जैबूनबींच्या मांडीवरची मेथी खाली सांडली. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, भिंतीच्या कडेला सरकल्या होत्या आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला होता. यातलं काहीही त्यांनी ठरवून केलं नव्हतं. सासरे हयात असताना वीस वर्षं रोज दुपारी अशाच तीन टिचक्या पडायच्या. सुनांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून कासीमसाहेब मधे थांबत. तेवढी त्यांची रीत होती, आणि त्यांच्यासमोर जैबूनबींनी वीस वर्षांत कधी मान वर केली नव्हती.

बाबालाल आत आले. "अगं, मी हाय," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, चेहरा त्यांचाच होता. ते बावरून आपल्या हाताकडे बघत होते, कारण टिचक्या मारायचं त्यांच्याही मनात नव्हतं.

"ठावं हाय," जैबूनबी म्हणाल्या. त्यांनी पदर मागे घ्यायला हात नेला. तो कपाळाशी जाऊन थांबला आणि तसाच खाली आला.

बाबालाल बैठकीवर बसले. जैबूनबींनी ताट वाढून आणलं. ते घ्यायला त्यांनी उजवा हात पुढे केला, स्थिर आणि सावकाश. जैबूनबींनी मान खाली घातली, ताट त्यांच्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवलं आणि दोन बोटांनी, त्यांचा हात आपल्या हाताला लागणार नाही अशा बेतानं, त्यांच्यापुढे सरकवलं.